चढावर उतरायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा प्रकार लिहून ठेवायलाच हवा. पुढे कुणी तिखटमीठ लावून सांगितला, तर निदान माझ्याजवळ मूळ प्रत असेल.

सकाळी हिला गाडीवरून इस्पितळात सोडायला निघालो. ही तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. इस्पितळ टेकडीवर आहे. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो आणि एकदम उभा होतो. तिथे गाडी नेहमीप्रमाणे खोकली, धापा टाकू लागली आणि थांबली. ही नेहमीप्रमाणे उतरली आणि चालायला लागली. नवीन काय घडलं, तर मागून इस्पितळाची व्हॅन आली आणि झाडून सगळ्या परिचारिकांनी खिडकीतून हिला हात केला. एकीनं विचारलं, "ढकलायला येऊ का?"

संध्याकाळी हिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. ठेवला म्हणजे आदळला.

"या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी मागे बसलेली असताना ही गाडी टाकीचं वळण चढली तर ठीक. नाहीतर एक तारखेला भंगारवाला."

"अगं, बावीस वर्षांची साथ आहे!"

"माझीही एकोणीस आहे. मी बंद पडते का चढावर?"

सासूबाई कोपऱ्यात गुडघ्यांना शेक देत बसल्या होत्या. त्या भिंतीकडे तोंड करून हसल्या. मला खांदे हलताना दिसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. एकवीस वर्षं लोकांच्या चुका काढतो. शेती असो वा शस्त्रक्रिया, मी फक्त अक्षरं बघतो. अर्थाकडे लक्ष गेलं की चुका निसटतात, म्हणून अर्थाच्या वाटेला जायचंच नाही, हा माझा नियम. आज तो मोडला आणि बरंच झालं.

सध्या दुचाकी दुरुस्तीच्या एका जाडजूड पुस्तकाची मुद्रितं चालू आहेत. नववं प्रकरण: टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर. मी श्वास रोखून वाचलं. या इंजिनात धूर बाहेर पडताना त्याच्या मागोमाग पेट्रोलचं ताजं मिश्रणही निसटतं. पाहुण्यांना निरोप द्यायला घरची मंडळी दारात जावी आणि त्यांच्याबरोबरच गावाला निघून जावी, तसं. त्यांना परत आत ढकलायचं काम सायलेन्सरचं. तो आधी रुंदावत जातो, मग पोट सुटतं, मग निमुळता होतो आणि शेवटी बारीक शेपटी. निमुळत्या भागावर आपटून लाट मागे येते आणि निसटलेल्यांना घरात कोंबते. लांबी बरोबर असेल, तर तेच इंजिन दुप्पट जोरानं ओढतं.

आमच्या गाडीच्या इंजिनाला हवी तीच लांबी तक्त्यात दिली आहे: ६८० मिलिमीटर. मी ती वहीत उतरवून घेतली आणि पानावर सही करून पुढे पाठवलं.

सायलेन्सर घरीच करायचा. विकत घेण्याचा प्रश्नच नाही, घरखर्चाची वही हिच्याकडे असते.

९ फेब्रुवारी, रविवार

छापखान्याच्या मागच्या अंगणात एक मोडकं लोखंडी कपाट पडलेलं आहे. मालकांना विचारून त्याची दारं घरी आणली. सकाळी मागच्या अंगणात पसारा मांडून बसलो. पत्र्याचा शंकू कसा कापायचा यावर दोन तास घालवले, त्रिकोणमिती केली, जुना पायजमा फाडला. शंकू काही होईना. झालं ते एक पत्र्याचं कानटोपरं.

सासूबाई आल्या. त्या आमच्याकडे गुडघ्यांवरच्या उपचारांसाठी पंधरा दिवस राहायला आल्या आहेत. आज विसावा दिवस. रोज अकराला टेकडीवर व्यायामाला जातात, बसनं. जन्मभर शिवणकामाचं दुकान चालवलं. शाळांचे गणवेश शिवायचे आणि घरोघर पोचवायचे. त्यामुळे त्यांना वाटतं, जगात जे काही आहे ते एकतर सैल आहे किंवा घट्ट.

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकृती पाहिली.

"ही तर कळीदार झग्याची कळी आहे, जावईबापू."

"आई, हे यंत्रशास्त्र आहे."

"असेल. पण कापलंय झग्यासारखंच."

त्यांनी वर्तमानपत्रावर खडूनं दोन कमानी मारल्या, कात्री फिरवली, कागद गुंडाळला. हातात शंकू. मी तो उलटसुलट करून पाहिला. तसाच तर मी करणार होतो. शेवटचा टप्पा राहिला होता, एवढंच.

संध्याकाळपर्यंत पाच तुकडे कागदावर बेतून झाले. पत्रा मी कापला. (बहुतेक.) "शिवणीला दोन रेघा जास्त ठेवा," असं त्या सांगत होत्या. त्यांचं मन राखायला मी ठेवल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरचा ग्रिलवाला खिडक्यांची गजकामं करतो, त्यानं गॅसवर सांधे जोडून दिले. सासूबाई पिशवी घेऊन सोबत आल्या होत्या, "भाजी घ्यायचीय" म्हणून. भाजी काही घेतली नाही. ग्रिलवाल्याशेजारी स्टुलावर बसून "इथे टाका सैल पडलाय" असं सांगत राहिल्या. तो इतका घाबरला, की दोन सांधे त्यानं पुन्हा केले.

साडेपाचला अंगणात किक मारली.

असा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. एका पत्र्याच्या पिंपात शंभर मधमाश्या कोंबून त्यांचा अपमान करावा, तसा. कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावरचे वकील लुंगीवर बाहेर आले, त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहा लुंगीवर.

"हे काय आहे?" ते ओरडले.

"प्रकरण नऊ," मी ओरडलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वकिलांनी दाराखालून लेखी तक्रार सरकवली. एका पानात अकरा चुका. 'ध्वनि' ऱ्हस्व, 'प्रदूषण' ऊकारावर घसरलेलं, 'शांतता' एकदा एका त ची. हात शिवशिवले. लाल शाईनं दुरुस्त करून, समासात खुणा करून, खाली 'दुरुस्तीनंतर पुन्हा दाखवावे' असं लिहून परत सरकवली. मदत म्हणून केलं.

ते आता माझ्याशी बोलत नाहीत. लोकांना मदत पचत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुणाला न सांगता सकाळी सहाला एकटाच टेकडीवर गेलो. सपाटीवर गाडी मरगळलेली, मग एकदम पिसाळते, असा दहा सेकंदांचा उत्सव, की संपलं. टाकीच्या वळणावर आधी निदान खोकायची. आज खोकलीसुद्धा नाही. ढकलत वर नेली. उतारावर मात्र छान पळाली.

मन खट्टू झालंय. ही विचारत होती, "कुठे गेला होतास?" मी म्हटलं, "फिरायला." ही म्हणाली, "गाडीला घेऊन?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

पेट्रोल कमी होतंय. गुरुवारी टाकी अर्धी होती, आज तळ दिसतो. मी तर हिला सोडून येतो, गाडी लावतो आणि छापखान्यात चालत जातो. शिवाय आरसा कुणीतरी खाली वळवून ठेवलेला. एखाद्या बुटक्या माणसाला दिसेल असा.

वकील बुटके आहेत.

सासूबाईंना म्हटलं, "दिवसा लक्ष ठेवा, कुणी गाडीला हात लावतंय का." त्या म्हणाल्या, "ठेवते की. माझ्या नजरेतून कुणी सुटायचं नाही."

तेवढाच आधार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंच्या उजव्या पोटरीला मोठा फोड आलाय. "इस्त्रीचा चटका," म्हणाल्या. इस्त्री पोटरीपर्यंत कशी पोचली हे काही माझ्या ध्यानात येईना. पण मी जावई आहे, जास्त विचारणं बरं दिसत नाही. ही त्यांना मलम लावत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या आणि तरी दोघींना हसू आवरत नव्हतं.

उपचारांचा गुण मात्र छान येतोय. काल त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज संध्याकाळी मी हरलो असं जाहीर केलं. जेवणाच्या टेबलावर मुद्रितांची प्रत ठेवली आणि म्हटलं, पुस्तकात आहे तसं तंतोतंत केलं, तरी ओढत नाही.

"वळणावर कण्हते," सासूबाई म्हणाल्या. "खाली दमच नाही तिच्यात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून," त्या घाईनं म्हणाल्या, आणि गळ्यातली टेप काढून सायलेन्सरच्या आकृतीवर अंथरली. "खाली काय लिहिलंय, खऱ्याच्या पावपट ना? साडेएकवीस सेंटिमीटर भरतं. त्याला चारानं गुणा."

मी गुणलं. ८६ सेंटिमीटर, म्हणजे ८६० मिलिमीटर.

"मग तुम्ही सहाशे ऐंशी कुठून आणलं? उभार एकाचा आणि माप दुसऱ्याचं, असा झगा अंगात जात नाही."

मी धावत छापखान्यात गेलो. सुदैवानं दार उघडं होतं. लेखकाचं मूळ हस्तलिखित काढलं. पान दोनशे चार. स्वच्छ अक्षरात: ८६०. अक्षरजुळणीत जुळाऱ्यानं आकडे उलटे टाकले होते. खाली माझी सही होती. तपासले, बरोबर.

एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ६८ आणि ८६. आरशात बघावं तसे. मी अर्थ वाचण्यात इतका रंगलो, की आकड्यांकडे पाहिलंच नाही.

आणि ज्या मोठ्या तावावर ते पान आहे, तो फर्मा सोमवारीच छापून झालाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेखकाला कळणार नाही. मालकांना तर मुळीच नाही, ते स्वतः छापलेलं काही वाचत नाहीत. खरं सांगायचं तर, सकाळपर्यंत माझं गप्पच बसायचं ठरलं होतं. मनाशी कारणंही नीट जुळवली होती. सायलेन्सर घरी करणारे असे असतील तरी किती?

चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "सांगणार ना मालकांना?"

मी म्हटलं, "बघू."

"बघा. म्हणजे आणखी पाच-पन्नास जणांच्या बायका चढावर उतरून चालायला लागतील, तेव्हा बघत बसा."

दहा वाजता मालकांसमोर उभा राहिलो. मी चूक कबूल करतोय हेच त्यांना आधी समजेना. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी दुसऱ्या कुणाची सांगतोय. समजल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुम्ही?" म्हणाले. "तुम्ही?"

मी मान डोलावली. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही, व्याकरण फार सैल होतं. ते पान पुन्हा छापायचं आणि प्रत्येक प्रतीत जुनं कापून नवं चिकटवायचं, असं ठरलं. चिकटवायचं मी. डिंकाचा डबाही मलाच दाखवला.

बाहेर आलो तेव्हा जुळारी म्हणाला, "साहेब, मी तर समजलो होतो, तुम्ही कधी चुकतच नाही." त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. मला वाटतं, तो बऱ्याच वर्षांनी मनापासून खूश झाला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

कपाटाचं दुसरं दार. नवीन कळ्या, लांब. आज सासूबाई बेतत होत्या आणि मी पत्रा धरत होतो. लिहायचं तर खरं लिहू. पत्राही अर्धा त्यांनीच कापला, माझ्या अंगठ्याला पट्टी आहे.

वकिलांच्या कानांसाठी शेपटीला एक जाड नळकांडं जोडलं, आत भोकांची नळी आणि तिच्याभोवती भांडी घासायच्या तारांच्या घासण्या ठासून भरल्या. चोवीस लागल्या. सायंकाळी ही भांडी घासायला गेली आणि मग स्वयंपाकघरातून माझ्या नावाचा उद्धार झाला. सासूबाई म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं." हे साफ खोटं आहे! चोवीसचा आकडा त्यांचाच.

ग्रिलवाल्यानं सांधे जोडले. किक मारली. आवाज खाली आला, गोल झाला. वकिलांनी खिडकीचा पडदा जरा सरकवला आणि परत लावला. मी त्याचा अर्थ विजय असा लावला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस छापखान्यात पानं चिकटवतोय. घरी आलो की बोटं वहीला चिकटतात. या पानावरचा डाग तोच.

सासूबाई आज जेवताना अचानक म्हणाल्या, "वळणाआधी दुसऱ्या गिअरवरच ठेवायची. घाईनं तिसरा टाकला की मेली. तिला किंचाळू द्यायचं, मग ती ओढते."

मी हसलो. बिचाऱ्या, त्यांनी आयुष्यात पायडलचं शिवणयंत्र सोडून काही चालवलं नसणार. म्हटलं, "आई, गाडी बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहे."

ही ठसकली. पाणी द्यावं लागलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहितो, कारण अजून माझाच विश्वास बसत नाही.

सकाळी साडेसातला निघालो. सासूबाई त्याआधीच "पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर पडल्या होत्या. ही मागे बसली, पिशवी मांडीवर. पहिला चढ गाडीनं असा घेतला, की हिनं माझा खांदा धरला. नुसताच नाही, घट्ट. मला वाटलं, झालं, जिंकलो. पाण्याची टाकी दिसली. इंजिन किंचाळायला लागलं. मला त्याची दया आली आणि पायानं मला न विचारता तिसरा गिअर टाकला.

गाडी मेली. तिथेच. त्याच दगडापाशी.

ही पिशवी सावरत उतरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मागून व्हॅनचा हॉर्न ऐकू आला.

आणि टाकीच्या कठड्यावर कोण बसलेलं? सासूबाई. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

"आई, ही गाडी आहे."

"मग मी काय बाही समजले?"

मी उतरलो. का उतरलो माहीत नाही. त्यांनी माझं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा एका बोटानं सवयीनं ओढला, आरसा खाली वळवला. एक किक. हिला म्हणाल्या, "बस गं." ही बसली, जराही न घाबरता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. गाडी दुसऱ्यावर किंचाळत वळली, उभ्या चढावर क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि मग कुणीतरी मागून उचलून फेकावी तशी वर गेली. व्हॅनला मागे टाकून! परिचारिका खिडक्यांतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या आणि शिट्ट्या मारत होत्या. त्यांच्यातली एक तोंडात दोन बोटं घालून मारते, हे नवीन कळलं.

मी चालत वर पोचलो तेव्हा दम मला लागला होता. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "तुम्ही आजींचे जावई का? रोज अकराच्या ठोक्याला येतात. आधी वळणावर दोनदा थांबायच्या. सोमवारपासून एका दमात."

मी हिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पोटरीला मलम कोण लावत होतं?"

"आणि त्यांना गाडी..."

"तीस वर्षं गणवेश कशावरून पोचवले असं वाटतं तुला? मोपेडवर. मागे शंभर गणवेशांचा गठ्ठा बांधून."

पेट्रोल, आरसा, फोड. सगळं समोर होतं आणि मी वकिलांवर संशय घेत बसलो.

अट शब्दशः पाहिली तर गाडी वाचली आहे. 'मी मागे बसलेली असताना' असं ही म्हणाली होती, चालवणाऱ्याचा उल्लेख नव्हता. मी हे हिला संध्याकाळी दाखवून दिलं. ही म्हणाली, "हो रे, वाचली." पण असं म्हणाली, की मला मुळीच जिंकल्यासारखं वाटलं नाही.

१ मार्च, शनिवार

दुपारी मीच सासूबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, "आई, मला शिकवा." एवढं म्हणायला मला सकाळपासून तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

त्यांनी थट्टा केली नाही. चप्पल घातली. निघताना एवढंच म्हणाल्या, "सैल बसा. तुम्ही गाडीवर इस्त्री करून ठेवल्यासारखे बसता."

गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानाला चढ आहे. त्या माझ्या मागे बसल्या. मी पाय हलवला की हेल्मेटवर टपली. "आत्ता नाही!" टपली. "आत्ता नाही! ऐका तिचं! ती ओरडतेय म्हणजे तिला दुखत नाहीये, ती काम करतेय!" टपली. "आत्ता!"

सतरा फेऱ्या. सोळाव्या फेरीला टपली पडली नाही. मी मागे वळून पाहिलं तर त्या डोळे मिटून वारा खात होत्या.

३ मार्च, सोमवार

टाकीचं वळण. दुसरा. इंजिन किंचाळलं, मी पाय दगडासारखा ठेवला. हिची बोटं खांद्यात रुतली. आणि मग ती लाट परत आली. प्रकरण नऊ, पान दोनशे चार. मी ती वाचली होती, पण मांड्यांना पहिल्यांदा कळली.

फाटकाशी थांबलो. ही उतरली, केस सारखे केले. मला वाटलं काही मोठं बोलेल. ही म्हणाली, "बरं," आणि आत गेली. पायऱ्यांवरून परत वळली.

"सहाला न्यायला ये."

वर्षभरात हे पहिल्यांदा. रोज बस बरी म्हणते.

छापखान्यात आज एकाही पानावर मन लागलं नाही, म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचलं. पाचलाच घरी आलो. तोंड धुतलं, शर्ट बदलला, पुन्हा बदलला.

आता साडेपाच. किल्ली जागेवर नाही. अंगणात गाडी नाही. सासूबाईही घरात नाहीत. खाली वकिलांकडे विचारायला गेलो, तर दार त्यांच्या बायकोनं उघडलं. म्हणाल्या, वकील पण नाहीत. "तुमच्या आजी म्हणाल्या, मागे बसा, एक चक्कर मारून आणते. आमचे हे बसले! हेल्मेट घालून!"

पाच चाळीस. गच्चीवर येऊन लिहितोय. लांबून आवाज येतोय, आमच्याच गाडीचा, आणि त्याच्याही वर कुणा पुरुषाचा. घाबरून ओरडतोय की आनंदानं, इतक्या लांबून सांगता येत नाही.

जवळ येत नाहीये. टेकडीकडे चाललाय.